आप्पांचा केसभर उशीर

धाराशिवच्या कॉलेजात मला एम.एस्सी.चा प्रोजेक्ट मिळाला: जॅझ ड्रमरांचं ‘स्विंग’ कंप्युटरवर मोजायचं. स्विंग म्हणजे ठोका नेमका जागेवर न टाकता जरासा रेंगाळून टाकायचा, म्हणजे ऐकणाऱ्याची मान आपोआप डुलते. आमच्या तामलवाडीत जॅझ कुणी ऐकलेलं न्हाय; पण त्यानं कुणाचं काय अडतंय? सर म्हणाले, जोडीला इकडचं काहीतरी घे. ते तर घरातच होतं. आमचे आप्पा, म्हणजे वडील, गोंधळात संबळ वाजवतात आणि काका गातात.

दोघांचं रेकॉर्डिंग केलं. पडद्यावर जॅझवाले रेंगाळले, तिथं मी लिहिलं ‘शैली’. आप्पा रेंगाळले, तिथं ‘चूक’. शिकलेली पोरगी ना मी! वर आप्पांना दाखवलंही. "ओळ संपली की तुमचा ठोका दर खेपेला केसभर उशिरा पडतोय, आप्पा."

आप्पा पडद्याकडं बघत राहिले. "इतकी वर्षं? आन् कुणी बोललं न्हाय?"

"कान फसतो. मशीन फसत न्हाय," मी म्हणाले. वा रे वा, काय ते ज्ञान!

त्या दिवसापासून आप्पा माझ्या मोबाईलच्या टिकटिकीवर हात बसवायला लागले. आई म्हणाली, "घरात घड्याळं कमी होती व्हय?" पंधरा दिवसांत ठोका सुतासारखा सरळ. मी मार्कांची स्वप्नं बघत होते.

मग जळकोटला एका लग्नानंतरचा गोंधळ आला. संबळ एकदम बिनचूक. तिसऱ्या कडव्यात काकांचा आवाज तुटला. चौथ्यात खोकला. पाचव्याला ते खालीच बसले, आणि पाव्हणे पंगतीची चौकशी करायला लागले.

काकांना लहानपणापासून दमा. ओळ संपली की श्वास घ्यायला जागा लागायची, ती आप्पा देत होते. दोघा भावांत यावर कधी एक शब्द झाला नव्हता. आप्पांनाही ते ठाऊक नव्हतं, त्यांच्या हाताला होतं. आणि मी हात दुरुस्त केला होता. लई लाज वाटली.

रिपोर्टातली ‘चूक’ खोडायला मला एक मिनिट लागलं. आप्पा मात्र रोज संबळ कमरेला बांधतात, काका समोर बसून गातात, आणि ठोका मेला जागेवरच पडतो. काल त्यांनी काड्या खाली ठेवल्या.

"पोरी," ते म्हणाले, "आता परत उशीर कसा करायचा, ते सांगतंय का तुझं मशीन?"