दहा चिंचोके

बिंदुमाधव मुळ्याच्या पॅंटच्या उजव्या खिशात कायम दहा चिंचोके असत. मैदानावरच्या मुलींना ते ठाऊक होतं. पिचर मुलीने एक चेंडू टाकला की सरांचा हात खिशात जाई आणि एक चिंचोका उजव्या खिशातून डाव्या खिशात जाऊन पडे. दहाही तिकडे गेले की एक फेरी झाली. मग परतीचा प्रवास. चेंडू नीट पडो वा न पडो, फेरी अर्धी सोडायची नाही, हा सरांचा नियम होता.

बनारसमधल्या कॉलेजात मुलींना बेसबॉल शिकवणाऱ्या माणसाकडे चिंचोके कुठून आले, हे समजायला ब्रह्माघाटावर जावं लागेल. तिथल्या जुन्या मराठी वस्तीत त्याचे वडील, वासुदेवगुरुजी, वेद शिकवत. घराच्या वरच्या खोलीत पहाटे सात-आठ मुलं चटईवर बसत आणि गुरुजी संथा देत. म्हणजे ऋचेचा एक तुकडा ते स्वतः एकदा म्हणत, मुलं तो दोनदा म्हणत, आणि मग तोच तुकडा प्रत्येकाने दहा वेळा घोकायचा. मोजण्यासाठी प्रत्येकापुढे दहा चिंचोके मांडलेले असत. असं वर्षानुवर्षं चाले. सुरुवातीला पोरांचे गळे बसत, मग हळूहळू तयार होत, आणि बारा वर्षांनी त्याच गळ्यातून असा आवाज निघे की खाली गल्लीत दूधवाला सायकल थांबवून उभा राही.

बिंदूही तिथे बसला होता, पण तीनच वर्षं. अकराव्या वर्षी एका सकाळी तो चटईवरून उठला, खाली आला आणि आईला म्हणाला की मी पुन्हा वर जाणार नाही. गुरुजींनी त्याला मारलं नाही की समजावलं नाही. दुसऱ्या दिवशी गल्लीच्या तोंडाच्या हिंदी शाळेत त्याचं नाव घातलं. बापाच्या या न बोलण्याचं ओझं बिंदूने पुढे पुष्कळ वर्षं वाहिलं. चटईवरून उठताना आपल्या पुढ्यातले चिंचोके त्याने मुठीत घेतले होते. ते त्याने परत केले नाहीत.

त्याचं खरं अंग खांद्यात आणि मनगटात होतं. दुर्गाघाटाच्या पायऱ्यांवरून तो पाण्यावर खापऱ्या मारी, तेव्हा नावाडी आपली माणसं बोलावून दाखवत. कॉलेजात गेला त्या वर्षी देवव्रत सर म्हणून खेळाचे एक शिक्षक होते. त्यांनी लखनौहून पाच हातमोजे आणि तीन बॅटी आणल्या आणि ज्याला ज्याला दगड लांब फेकता येतो त्या सगळ्यांना एका ओळीत उभं केलं. बिंदू पिचर झाला. विरुद्ध बाजूचे खेळाडू त्याला डिवचत, पंडितजी, मंत्र म्हणून बाद करणार का? तो हसे आणि चेंडू टाके. दोन हजार एकच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेत त्याने एकाच दिवशी दोन सामने मिळून एकशे नव्वद चेंडू टाकले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीतल्या पोरांबरोबर क्रिकेट खेळला.

त्याचा हात कधी दुखला नाही. त्याला तेव्हा ते भाग्य वाटलं.

पुढे तो त्याच कॉलेजात कंत्राटावर लागला. मुलींचा संघ कोणाला नको होता म्हणून त्याच्याकडे आला. मैदान क्रिकेटवाल्यांचं, त्यातला एक कोपरा याचा. पिचरने उभं राहायचा मातीचा उंचवटा त्याने स्वतः घमेल्याने माती वाहून केला, आणि लग्नाच्या मांडववाल्यांनी तो दर हिवाळ्यात मोडला की दर हिवाळ्यात पुन्हा केला. चौदा वर्षांनी, दोन हजार एकवीस साली, त्याच्या दारावर ‘मुख्य प्रशिक्षक’ अशी पाटी लागली. त्याची बायको शरदिनी मूळची सांगलीची, इथल्या बँकेत नोकरीला. ती म्हणाली, "घरी मात्र तुम्ही हाताखालीच राहायचं हं." त्या दिवशी गुरुजींनीही खाली येऊन पेढा घेतला. बोलले काहीच नाहीत.

त्याच्या पुढच्या वर्षी अवनी साहनी आली. ती रामनगरची, गंगेपलीकडची. तिचे वडील कुशल साहनी पुलाच्या उतारावर सायकली दुरुस्त करत. अवनी रोज पुलावरून सायकल मारत यायची, केसांना तेल, शब्द मोजके. पहिल्या दिवशी तिने टाकलेला चेंडू चेंडू झेलणाऱ्या कॅचर मुलीच्या हातमोज्यात असा बसला की त्या मुलीने मोजा हलवलासुद्धा नाही. गुरुजी आयुष्यभर ज्या विद्यार्थ्याची वाट पाहत असतील तो असाच असेल, असं बिंदुमाधवच्या मनात आलं.

मग त्याने तिला संथा दिली. दुसरा शब्द नाही त्याला. रोज वीस फेऱ्या, म्हणजे दोनशे चेंडू, आठवड्याचे सहा दिवस. दोन वर्षांनी राज्याच्या संघाची निवड होती. राज्याकडून खेळलं की खेळाडूंच्या कोट्यातून सरकारी नोकरीचा अर्ज भरता येणार होता. साहन्यांच्या घरात आजवर कोणी महिन्याच्या पगारावर काम केलं नव्हतं. तिचा उजवा हात ही त्या घराची एकुलती एक वाट होती, आणि हे सगळ्यांत चांगलं बिंदुमाधवला माहीत होतं.

पहिल्या वर्षीच्या नोव्हेंबरात ती म्हणाली की कोपराच्या आत काहीतरी ओढल्यासारखं होतं. त्याने तिला बर्फ लावायला सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी फेऱ्या तेवढ्याच ठेवल्या. पुढे गोरखपूरहून सामना खेळून येताना बसमध्ये ती मागच्या बाकावरून उठून त्याच्याजवळ आली आणि म्हणाली की करंगळी बधिर पडते. त्याने तिला आपल्या वडिलांच्या पाठशाळेची गोष्ट सांगितली. "पहले गला बैठता है, बेटा. फिर खुलता है." बोलता बोलता त्याला वाटलं, किती नेमकं सांगितलं आपण. निवडीच्या आदल्या दिवशी ती नुसतीच म्हणाली, "सर, आज रहने दें?" त्याने चिंचोके काढून हातावर धरले आणि म्हणाला की फक्त दहा फेऱ्या.

निवडीच्या मैदानावर तिचा सातवा चेंडू कॅचरपर्यंत पोहोचलाच नाही. मध्येच जमिनीवर पडून गवतात गेला. ती ओरडली नाही. डाव्या हाताने उजवं कोपर धरून उंचवट्यावरून खाली उतरली आणि बाजूला जाऊन बसली, जणू तिची पाळी संपली होती.

डॉक्टरांनी एमआरआयची चित्रं पाहिली. कोपर आतून धरून ठेवणारा पट्टा तुटला होता. शस्त्रक्रियेने हात रोजच्या कामाला येईल, पण पूर्वीसारखा चेंडू टाकता येईल असं ते म्हणू शकले नाहीत. मग त्यांनी विचारलं की दिवसाला किती चेंडू टाकायची. बिंदुमाधवने लगेच आकडा सांगितला, दोनशे. त्याचा हिशोब कधीच चुकत नसे. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि वर पाहिलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "विसाव्या वर्षी, रोज?" आणि पुन्हा लिहू लागले.

चार दिवसांनी कॉलेजात अहवाल तयार झाला. त्यात एक वाक्य होतं की खेळाडूने आपली जुनी दुखापत प्रशिक्षकापासून लपवून ठेवली. ऑफिसातल्या माणसाने सांगितलं की असंच लिहितात, कोणाला त्रास नको. खाली मुख्य प्रशिक्षकाच्या सहीची जागा होती. बिंदुमाधवने ते वाक्य दोनदा वाचलं आणि सही केली. बाहेर येऊन पाण्याच्या टाकीपाशी त्याने हात धुतले, आणि हात कशाला धुतोय हे त्याला कळेना.

घरी दोन दिवस तो नीट जेवला नाही. शरदिनीने एकदा विचारलं, दुसऱ्यांदा विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तो तीस वर्षांनी वरच्या खोलीत गेला. गुरुजींचं वय आता शहाऐंशी होतं. संथा देणं बंद झालं होतं, पण ते त्याच जागी भिंतीला टेकून बसत. बिंदुमाधव चटईच्या कडेला बसला आणि अवनीबद्दल सगळं सांगितलं, सहीसुद्धा. मग त्याने खिशातले चिंचोके काढून पुढे ठेवले. वापरून ते काळेभोर, गुळगुळीत झाले होते.

"अप्पा, तुमची मुलं रोज शंभर-शंभर वेळा म्हणायची. एकाचाही गळा गेला नाही. मी तसंच केलं."

गुरुजींनी एक चिंचोका उचलला, डोळ्यांजवळ नेला.

"हे मुलांसाठी होते रे," ते म्हणाले. "त्यांचं ध्यान इकडेतिकडे जाऊ नये म्हणून. मी थोडाच मोजत होतो."

"मग तुम्ही काय करत होतात?"

"ऐकत होतो. आवाजाला जरा चीर पडली की उठवायचो. बाळला दोन महिने नुसता ऐकायला बसवला होता. वेदांतला घरी पाठवला, म्हटलं, बोलायचंच नाही महिनाभर." ते थांबले. दम लागला होता. "तुझ्या वेळी तर तुला चार-चार वेळाच म्हणायला सांगायचो. गळा नाजूक होता तुझा. तू परेशान व्हायचास, बाकीच्यांचे दहा आणि आपले चारच का म्हणून."

बिंदुमाधवला ते आठवलं. अगदी लख्ख आठवलं. आपल्यापुढचे सहा चिंचोके तसेच पडून राहत, आणि त्याचीच लाज वाटून तो त्या सकाळी उठला होता. बापाने आपल्याला कच्चा ठरवलं असं वाटून तो जन्मभर सगळ्यांच्या फेऱ्या पूर्ण करून घेत आला होता.

"तू मधेच गेलास," गुरुजी म्हणाले. त्यात ठपका नव्हता. "जेवढं दिसलं तेवढं घेऊन गेलास."

त्याच दिवशी त्याने कॉलेजला पत्र लिहिलं की अहवालातलं ते वाक्य खोटं आहे, खेळाडूने वेळोवेळी सांगितलं होतं, दोष माझा आहे. ऑफिसातल्या माणसाने पत्र वाचलं, दार ओढून घेतलं आणि त्याला विचारलं की डोकं ठिकाणावर आहे ना. बिंदुमाधवने पोच मागितली. पोच आणि पत्राची नक्कल घेऊन तो पूल ओलांडून रामनगरला गेला.

कुशल साहनी एका चाकाचे आरे आवळत बसले होते. सरांना पाहताच ते उठले, काळे हात मागच्या मागे फडक्याला पुसले आणि जोडले. लाकडी बाकावरची धूळ झटकली. मग मान खाली घालून म्हणाले की मुलीने तुमच्यापासून लपवलं, आम्हाला कॉलेजकडून कळलं. तुम्ही तिच्यासाठी एवढं केलं आणि तिने तुम्हाला खाली पाहायला लावलं. मी तिच्याशी बोलत नाही तेव्हापासून. माफी असावी.

बिंदुमाधव बाकावर बसला नाही. त्याने पत्र पुढे केलं, पण साहन्यांना चष्म्याशिवाय वाचता येईना, म्हणून त्याला तोंडाने सांगावं लागलं. ते पत्र लिहिण्यापेक्षा शंभरपट अवघड होतं. "उसने छुपाया नहीं. मुझे बताया था. तीन बार."

साहन्यांचे जोडलेले हात हळूहळू सुटले. ते खाली बसले, चाक पुन्हा मांडीवर घेतलं, आणि ते फिरवून फिरवून पाहू लागले.

आतल्या खोलीच्या दारात अवनी उभी होती. उजवा हात गळ्यातल्या झोळीत, वेणी कोणीतरी सैल घातलेली. केव्हापासून ऐकत होती कोण जाणे. बापाकडे तिने पाहिलं नाही. सरांकडे पाहिलं, नेहमीसारखंच सरळ, कॅचरच्या मोज्याकडे पाहावं तसं.

"तीन नहीं, सर," ती म्हणाली. "चार बार."

आणि आत गेली.

त्या उन्हाळ्यात दारावरची पाटी निघाली. संघ दुसऱ्या कोणाकडे गेला. बिंदुमाधव आता एका शाळेत लहान मुलांना कवायत शिकवतो, आणि मुलं कवायत करत असताना आकडे म्हणत नाही, त्यांच्याकडे पाहत उभा असतो. अवनीच्या हाताची शस्त्रक्रिया झाली. ती वडिलांच्या दुकानात बसते, पाने उजव्या हातानेच उचलते, पण पंप डाव्या हाताने मारते. तो दोनदा गेला, दोन्ही वेळा तिने चहा दिला आणि बोलली नाही.

चिंचोके वरच्या खोलीतच राहिले. एकटा असला की बिंदुमाधव बोटांवर मोजतो. नोव्हेंबरात मैदानावर, ती एक. गोरखपूरच्या बसमध्ये, ती दोन. निवडीच्या आदल्या दिवशी, ती तीन. चौथ्या बोटापाशी तो थांबतो. हिशोबात कधी न चुकलेल्या त्या माणसाला चौथी वेळ अजून आठवलेली नाही.