शेजारच्या आजोबांचा प्रश्न

लंडनजवळच्या वॉटफर्डला आलो तेव्हा कचऱ्याचा कुठला डबा कधी बाहेर ठेवायचा, हे आम्हाला शेजारच्या इंग्रज आजोबांनीच शिकवलं. पुढे कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या नगरपालिकांच्या, निवडणुकांत एका नव्या पक्षाची देशभर सरशी झाली. आता सरकारही त्यांचंच येणार आणि बाहेरून आलेल्यांचा कायम राहण्याचा हक्क जाणार, असं जो तो बोलू लागला. आम्हाला तर तो हक्क अजून मिळायचाच होता. नवरा म्हणाला, "ट्रेनमध्ये आईशी मराठीत बोलू नकोस गं." मी हसले, पण दुसऱ्या दिवशी ट्रेनमध्ये आईचा फोन उचललाच नाही.

शनिवारी सकाळी दार वाजलं. बाहेर आजोबा. मत त्याच पक्षाला दिल्याचं त्यांनी मला कुंपणापलीकडून सहज सांगितलं होतं. मी दार अर्धंच उघडलं.

त्यांची बायको अंथरुणाला खिळलेली. तिचं सगळं करायला केरळची एक मुलगी यायची, तीही व्हिसावरच.

"नवं सरकार आलं तर त्या मुलीला परत पाठवतील का?" त्यांनी विचारलं. "तुम्हाला व्हिसाचं कळतं. बायकोला एकट्यानं उचलणं मला जमत नाही."

"माहीत नाही," मी म्हणाले. "आमचंही काय होईल, माहीत नाही."

"तुमचं?" ते बघतच राहिले. "पण तुम्ही तर इथलेच!"

मी त्यांना आत बोलावून चहा दिला. ते गेल्यावर मी कप विसळत उभी राहिले. इतक्या भल्या माणसाच्या मनात मत देताना आम्ही आलोच नव्हतो, याचीच मला त्या पक्षापेक्षा जास्त भीती वाटत होती.