चीफ खोतांचा बुधवार

रत्नाकर खोत कुणाच्याही घरी आले की आधी माणसांकडे बघत नसत. ते फ्रीजवर तळहात ठेवत, डोळे मिटून क्षणभर उभे राहत आणि म्हणत, "कॉम्प्रेसर कुरकुरतोय. वर्षभर ओढेल अजून." मग आमच्याकडे वळून, "हां, काय म्हणता?" जहाजांच्या इंजिनरूममध्ये छत्तीस वर्षं काढलेला हा मालवणी माणूस सिंगापूरमध्ये जुरोंग ईस्टला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एकटा राहायचा. चीफ इंजिनियर म्हणून निवृत्त झालेले, म्हणून सगळा ब्लॉक त्यांना चीफ म्हणे, अगदी खालच्या हॉकर सेंटरमधला, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांमधला, कॉफीवाला अंकलसुद्धा.

"आधी बघू, मग बोलू," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आमच्या मुलीचा, इराचा टेबलफॅन बंद पडला तेव्हा ती सिंगापुरी पोरांसारखा शेवटी "ला" जोडत म्हणाली, "चीफ, हा गेला ला. नवीन घेऊ." चीफनी तो उघडून जमिनीवर मांडला, तिच्या हातात स्क्रूड्रायव्हर दिला आणि तासभर तिच्याशी एक शब्द न बोलता बसून राहिले. फॅन फिरला तेव्हा एवढंच म्हणाले, "आता बोल."

चीफसमोर मात्र एका विषयावर कुणी बोलत नसे. शैलाकाकू, त्यांची बायको, वारली तेव्हा चीफ समुद्रावर होते. शेवटचे दोन महिने हॉस्पिटल, औषधं, आणि मग मंदाईचं स्मशान, सगळं त्यांच्या मुलीनं, नेहानं एकटीनं केलं. तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती. चीफ पाचव्या दिवशी पोचले. नेहा वडिलांशी भांडली नाही, रडलीही नाही. सहा महिन्यांत इंग्लंडमधल्या एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्टची नोकरी धरून निघून गेली. त्या काळात मीच तिला समजावत असे, "अगं, जहाज काय बस आहे का, मधेच उतरायला?" ती मान हलवायची. पटल्याची खूण नव्हती ती.

सहा वर्षं गेली. दिवाळीला आणि वाढदिवसाला फोन, तोही दोन मिनिटांचा.

मग आम्ही इंग्लंडला जायचं ठरवलं. लंडन नको, यॉर्कशरच्या डोंगरात एक दगडी कॉटेज आठवडाभर घ्यायचं, स्वतः रांधायचं, स्वतः खायचं, फिरायचं. मी हे चीफना सहज सांगितलं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"मी इंग्लंडला वीसेक वेळा गेलोय," ते म्हणाले. "पण धक्क्याच्या फाटकापर्यंतच. तुमच्या त्या कॉटेजात झोपायला एक बंक जास्तीचा आहे का गो?"

कुणाकडे कधी काही न मागणारा माणूस. मंदारनं, माझ्या नवऱ्यानं, त्याच संध्याकाळी त्यांचं तिकीट काढलं. नेहा राहत होती ते गाव त्या कॉटेजपासून गाडीनं दीड तासावर होतं, हे मला नंतर नकाशा बघताना कळलं. चीफना ते आधीपासून माहीत होतं.

कॉटेजला पोचल्यावर त्यांनी आधी बॉयलरची तपासणी केली आणि मगच बूट काढले. बाहेर हिरव्या उतारावर मेंढ्या आणि दगडावर दगड रचून केलेल्या बुटक्या भिंती. त्या बघून चीफ लहान मुलासारखे ओरडले, "अरे, हे तर आमच्याकडचे गडगे!" दुसऱ्या दिवशी सकाळी फ्रीजवर त्यांच्या हातचा कागद लागला होता. जहाजावरच्यासारख्या पाळ्या. मंदार, भांडी. इरा, टेबल. रत्नाकर, स्वयंपाक. माझ्या नावापुढे लिहिलं होतं, विश्रांती.

"हे काय?" मी विचारलं.

"घरी करतेस तेच इथे करायचं, तर एवढ्या लांब आलीस कशाला?" मग ओट्याकडे वळून, माझ्याकडे पाठ करून म्हणाले, "शैलाला असली सुट्टी मी कधी दिली नाही."

त्यांना स्वयंपाक येतो हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. खरं तर येतही नव्हता. निघण्याआधी तीन महिने ते समोरच्या फ्लॅटमध्ये रोज शिकत होते.

बुधवारी सकाळी गावात मासेवाल्याची व्हॅन यायची. चीफ तासभर आधी जाऊन रस्त्यावर उभे राहिले आणि सहा बांगडे घेऊन आले. बॅगेतून गावाहून आलेल्या तिरफळांची पुडी निघाली, सिंगापूरच्या सेरंगून रोडवरून आणलेली कोकमं निघाली. मसाला वाटायला घेतला. "दुपारी नेहा येतेय," त्यांनी सांगितलं. "तीनला परत जाणार म्हणाली."

ती साडेबाराला आली. दारातच थबकली. घरभर शैलाकाकू करायच्या त्या बांगड्याच्या तिखल्याचा वास होता.

"हे कोणी केलं?"

"मी," चीफ म्हणाले. "बस."

जेवताना ती इराशीच बोलत होती. बांगडा मात्र काट्यापर्यंत स्वच्छ खाल्ला. जेवण झाल्यावर मी इराला घेऊन बाहेर निघाले, तर चीफ म्हणाले, "अनघा, थांब. माझी बाजू तू सगळ्यांना सांगत आलीस. तूही ऐक." इरा मंदारबरोबर मेंढ्या बघायला गेली.

चीफ टेबलावर दोन्ही हात ठेवून बसले.

"नेहा, मी सगळ्यांना सांगितलं, जहाज सोडता आलं नाही. ते खोटं आहे. डर्बनच्या बंदरात मला उतरता येत होतं. कंपनीनं बदली माणूस तयार ठेवला होता. मी नको म्हटलं. इंजिनाचं मोठं काम अर्ध्यावर होतं, ते दुसऱ्याच्या हातात द्यायचं नव्हतं. शैला फोनवर म्हणाली, मी बरी आहे. ती बरी नाही, हे मला आवाजावरून कळत होतं. पण तिचं म्हणणं खरं मानणं मला सोयीचं होतं."

मला बसल्या जागी कानकोंडं झालं. सहा वर्षं मी या माणसाची वकिली केली होती.

नेहानं ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, "आई रोज विचारायची. जहाज कुठे पोचलं असेल? मी नकाशावर दाखवायची." तिचा आवाज चढला. "डर्बनसुद्धा दाखवलं होतं मी तिला, बाबा!"

चीफनी मान खाली घातली नाही. माफ कर, असंही म्हणाले नाहीत. "हो," एवढंच म्हणाले. नेहा उठून बाहेर गेली आणि कॉटेजमागच्या चढावर एकटीच चालत राहिली. चीफ खिडकीशी उभे होते. गेले नाहीत तिच्यामागे. तीन वाजले, चार वाजले. तिची गाडी दारातच होती. पाच वाजता ती परत आली, कोट न काढता म्हणाली, "चहा आहे का?" चीफनी आधण ठेवलं.

शनिवारी ती पुन्हा आली. येताना न सांगता.

पुढे ती दर डिसेंबरात सिंगापूरला यायला लागली. बापलेकीत फार बोलणं नसायचं. बंद पडलेली घड्याळं उघडून दोघं समोरासमोर बसायची. गेल्या वर्षी चीफचं हृदय थकलं, तेव्हा ती लांब रजा घेऊन आली आणि राहिली. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये मी तिला म्हटलं, "बरं झालं, तू त्यांना माफ केलंस."

"माफ केलं का, ते मला माहीत नाही, अनघाताई," ती म्हणाली. "पण त्यांनी त्या दिवशी खरं सांगितलं नसतं, तर आज मी कर्तव्य म्हणून आले असते. आता मला यावंसं वाटलं म्हणून आलेय."

एका गुरुवारी सकाळी, नेहा त्यांचे केस विंचरत असताना, चीफ गेले.

मागच्या महिन्यात इराच्या शाळेत तिच्या नाटकाचा प्रयोग होता. मी हार्बरफ्रंटच्या ऑफिसातून निघालेच नाही. घरी आल्यावर "मीटिंग लांबली" हे वाक्य जिभेवर आलं होतं. ते गिळलं आणि तिच्यासमोर बसले.

"इरा, मला येता आलं असतं. काम टाकवलं नाही, म्हणून मी आले नाही."

तिनं माझ्याकडे नीट बघितलं. रागावली होती, ते दिसत होतं. मग सरकून तिनं मला सोफ्यावर जागा करून दिली.

"ओके ला, आई. शुक्रवारी परत शो आहे. तेव्हा ये."