भट्टीपासून तीन महिने

जानेफळला स्टँडजवळ आमचं नाश्त्याचं हॉटेल आहे. बाबा थकल्यावर भट्टीसमोर मी बसायला लागलो. पहाटे पाचपासून दुपारपर्यंत कचोरी, भजे, आलूबोंडे. मांड्या नुसत्या भाजून निघायच्या. लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि टेस्ट ट्यूब बेबीचा आमचा पहिला प्रयत्न नुकताच फसला होता.

अकोल्याच्या डॉक्टरीणबाई नवीन होत्या. आधीच्या दवाखान्यात सगळे प्रश्न बायकोलाच विचारलेले: वय, वजन, थायरॉईड, पाळी. मी बाजूला फाईल धरून बसायचो. या बाई माझ्याकडे वळल्या.

"तुम्ही काय करता?"

"कचोरी तळतो."

"भट्टी किती लांब असते?"

मी गुडघ्यापुढं वीतभर अंतर दाखवलं. बाईंनी माझे रिपोर्ट पुन्हा उघडले.

"सारखी गरमी लागली की पुरुषबीज कमजोर होऊ शकतं. तंबाखूनंही होतं. नवीन बीज तयार व्हायला तीनेक महिने लागतात. तेवढे दिवस दोन्ही बंद. यांचं वय मला कमी करता येत नाही, पण तुमची जागा तर बदलता येईल!"

बायकोनं आधी माझ्याकडे पाहिलं. मग जी हसत सुटली, ती थांबेचना. नऊ वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी तिला सोडून दुसऱ्याला बोललं होतं. मलाही हसू आलं, पण थोडी शरमही वाटली.

घरी बाबांना सांगताना माझी बोबडी वळली.

"डॉक्टरीण म्हनते, भट्टीवर बसू नका."

"काऊन?"

"गरमी लागते."

"भट्टीवर गरमी नाही तं काय थंडी लागन बे?"

शेवटी बायकोनंच दारातून सांगून टाकलं, "बाबा, त्या गरमीनं लेकरू राहत नसन, असं म्हनते डॉक्टरीण."

 बाबा म्हणाले, "मी चाळीस वर्षं बसलो. मले चार झाले."

"सगळ्याइचं सारखं नसते, बाबा," बायको म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पाचला मी पोचलो तर बाबा झारा घेऊन बसलेले. मला म्हणाले, "तू बशा उचल." तीन महिने मी बशा उचलल्या. तंबाखूच्या जागी बडीशेप चघळली आणि पहिले पंधरा दिवस गिऱ्हाइकांवर उगाच खेकसलो. कुणी विचारलं की बाबा सांगायचे, "पोरगा आता मालक झाला." त्यांच्या कचोरीला माझ्यापेक्षा जास्त गर्दी व्हायची, हेही कबूल करतो.

दुसऱ्या प्रयत्नात गर्भ राहिला. मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, "भट्टी सोडल्यानं झालं ना?"

"नक्की नाही सांगता येत," त्या म्हणाल्या. "गर्भ चांगला तयार झाला, थायरॉईड आटोक्यात होतं, पिशवीचं अस्तर चांगलं होतं. सगळं करूनही काहींना यश येत नाही. तुमचं जुळून आलं."

मुलगी झाली. आता ती दीड वर्षाची आहे.

मागच्या महिन्यात शेजारच्या गल्लीतली एक नवी सून बायकोकडे रडत आली. दिवस जात नाहीत म्हणून सासू तिला तपासायला नेणार होती. बायकोनं तिला पाणी दिलं आणि म्हणाली, "जा ना. पन नवऱ्यालेबी संग घेऊन जा."

सोमवारी ते दोघं मोटरसायकलवर अकोल्याला गेले.