उलट्या हाताचे सर

सर कुठंही गेले की आधी हात लावायचे. तळहात नाही, हाताची मागची बाजू. चहाची किटली, पाण्याची मोटर, स्कूटरचं इंजिन, उन्हानं तापलेली भिंत, काही सुटायचं नाही. हात लावून डोळे बारीक करायचे आणि म्हणायचे, "इथून चाललं." म्हणजे इथून गरमी बाहेर चालली, कामाला न येता चालली. पोरं त्यांना उलट्या हाताचे सर म्हणायची. त्यांना ते माहीत होतं.

मी इंजिनिअरिंग कॉलेजात त्यांच्या लॅबचा शिपाई. बाप हातमागावर बसायचा, मी सातवीत शाळा सोडली. सर थर्मोडायनॅमिक्स शिकवायचे. नव्या पोरांचा पहिला तास वर्गात नाही, कँटीनच्या भट्टीपाशी. सगळ्यांना गोल उभं करून विचारायचे, "आपल्याला काय पाहिजे? चहा गरम. मग तुमचे चेहरे काहून गरम होऊन राहिले?" पोरं हसायची. एकानं एकदा विचारलं, "सर, बाहेर गेलेली गरमी परत आणता येते का?" सर म्हणाले, "नाहीशी कुठंच होत नाही बापू. आहे इथंच, पसरली आहे. पण आपल्या पायानं परत येत नाही. आणायची तर वेगळी ताकद लावावी लागते." पोरांनी वहीत उतरवून घेतलं. मी फडकं मारत होतो, माझ्या डोक्यात राहिलं.

रिटायर झाल्यावरही सर आमच्या घरी यायचे. दोन गल्ल्या सोडूनच राहायचे, एकटेच. माझ्या बायकोचं हृदय मोठं झालं होतं. नागपूरचा मे महिना तिला सोसत नव्हता, श्वास पुरत नव्हता. एका दुपारी सर आले तर ही फ्रिजचं दार सताड उघडून समोर पाटावर बसलेली.

"वहिनी, हे काय?"

"जीव घाबरते सर. थोडी हवा घेऊन राहिली."

सरांनी तिला उठवलं, फ्रिजच्या मागं हात धरायला लावला. चटका बसला तशी ती म्हणाली, "वा रे वा! पुढून थंडी थंडी, अन् मागून आग! माह्या जावेवानीच आहे हा."

सर इतके हसले की त्यांनाच ठसका लागला. मग त्यांनी खोली पाहिली. कूलर चालू होता, पण लू आत येते म्हणून तिनं कूलरच्या समोरची खिडकी बंद करून फटीत चिंध्या कोंबल्या होत्या. गल्लीत सगळेच तसं करतात. सरांनी एक-एक चिंधी ओढून काढली आणि खिडकी उघडली.

"लू येते ना सर!"

"कूलर ढकलते तोवर नाही येत. ओल्या हवेला जायला वाट द्या वहिनी, नाहीतर कूलरच्या गवताच्या ताट्यांतलं पाणी सुकणार नाही. पाणी सुकते तेव्हाच गारवा येते."

त्या दिवशी ती बऱ्याच दिवसांनी झोपली. सर खिडकीपाशी उलटा हात धरून उभे होते. गार हवा बाहेर जात होती, तरी "इथून चाललं" म्हणाले नाहीत.

पुढच्या उन्हाळ्यात डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. त्याचा अर्थ मला समजला. तिला एकच पाहिजे होतं, गार वारा. आणि नेमका कूलरचा पंप जळला. पंखा गरम वारा फेकायला लागला. मी मेकॅनिकला फोन लावत होतो, तो उचलत नव्हता. सर आले. त्यांनी तिच्या पायाला उलटा हात लावला. नंतर मलाही लावायला सांगितला. बाहेर आग होती आणि पाय गार होते.

"तुम्ही तिच्यापाशी बसा," ते म्हणाले. "कूलर मी पाहतो."

डोक्याला दुपट्टा बांधला, बादली घेतली आणि बाहेर गेले. कूलर दुसऱ्या खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर होता. भर उन्हात उभे राहून त्या म्हाताऱ्यानं मगानं ताट्यांवर पाणी ओतायला सुरुवात केली. गवताचा ओला वास घरात आला. तिच्या कपाळावरचे केस हलले. ती म्हणाली, "बरं वाटते." त्यानंतर ती बोलली नाही.

सर ओततच होते. मला राहवलं नाही. मी खिडकीतून ओरडलो, "बस करा ना सर! काहून उन्हात उभे राहता? तिले आता काही समजून नाही राहिलं. वाया चाललं पाणी."

ताट्यांमागून आवाज आला, "जाऊ द्या वाया."

जन्मभर ज्या माणसानं थेंबाथेंबाचा, कोळशाच्या खड्याचा जाब विचारला, तो हे म्हणाला.

संध्याकाळी ती गेली. सर आत आले, बाह्या निथळत होत्या. तिच्या कपाळाला हात लावला. त्यांचं नेहमीचं वाक्य येईल म्हणून मी वाट पाहिली. नाही आलं. मी विचारलं, "सर, ही बी इथंच पसरली असंल का?"

"माहीत नाही गा," ते म्हणाले. "माझ्या विषयात एवढं नाही." आणि भिंतीला टेकून खाली बसले.

या हिवाळ्यात सरही गेले. झोपेतच.

यंदा मी नवा पंप बसवला. घरात मी एकटा, मला एवढी हवा कशाला पाहिजे? तरी दुपारी कूलर लावतो आणि समोरची खिडकी उघडतो. तिथं उलटा हात धरतो. गार हवा बोटांवरून गल्लीत निघून जाते.

जाऊ देतो.