सेवापूर्तीच्या अक्षरांत अण्णा

आमच्या मोशीत माणूस एकदा तरी फ्लेक्सवर झळकतोच. वाढदिवस, निवड, नवी गाडी, कुठलंही निमित्त चालतं. एका गल्लीत तर बैलाच्या वाढदिवसाचाही फ्लेक्स लागला होता. राहिले होते फक्त माझे वडील. चाकणच्या कंपनीत गाड्यांचे भाग जोडता जोडता त्यांचा जन्म गेला, आणि येता-जाता कंपनीच्या बसमधून लोकांचे फ्लेक्स वाचणं एवढीच त्यांची करमणूक. ते निवृत्त व्हायला आले तेव्हा मी म्हटलं, "अण्णा, आता तुमचा फ्लेक्स लावू."

"कशाला ती थेरं?" म्हणाले, आणि संध्याकाळी केस काळे करून आले.

अट मात्र घातली. "माझ्या एकट्याचा फोटू न्हाई पायजे. लाइनवर आमी एकट्यानं कधी काय बनवलं न्हाई."

मग त्यांच्या शिफ्टच्या मंडळींचा कंपनीच्या गेटबाहेर फोटो काढला, कारण आत मोबाइल न्यायला बंदी. मी ठरवलं, 'सेवापूर्ती' हा शब्द मोठा लिहायचा आणि अक्षरांच्या आत हा फोटो भरायचा. इंटरनेटवर एकाने समुद्राचा फोटो घेऊन हे चुटकीसरशी करून दाखवलं होतं. खाली जाड अक्षरं, त्यांच्यावर पसरलेला फोटो, मग फोटो अक्षरांच्या मापाने कापायचा. अक्षराबाहेरचं सगळं गायब. समुद्राचं बरं असतं. अर्धी लाट कापली गेली तरी ती भांडायला येत नाही.

अण्णा चष्मा लावून शेजारी बसले. फोटोत ते मधोमध, रंगवलेले केस चमकताहेत. स्वतःकडे बघून खूश झाले, आणि मग त्यांनी स्क्रीनवर बोट टेकवलं. "माझ्या खांद्यावर ह्यो हात कुणाचा?"

हात त्यांच्या मित्राचा होता. मराठवाड्यातून आलेला हा माणूस. इतकी वर्षं दोघांनी एकमेकांचे डबे खाल्ले. तो नेमका दोन अक्षरांमधल्या फटीत गेला होता आणि उरला होता नुसता हात.

मी फोटो सरकवला. मित्र आत आला, कडेचे दोघे उडाले. पुन्हा सरकवला, तर एकाची फक्त मिशी उरली. "त्यो चालंल," अण्णा म्हणाले, "मिशीवरनंच वळकत्यात त्याला." अक्षरं आणखी जाड केली, फटी काही बुजेनात. एकाला आत घ्यावं तर दुसरा बाहेर. माझं डोकं फिरलं. "अण्णा, कुणीतरी एक फटीत जाणारच!"

ते जरा वेळ बघत राहिले. केसांवरून हात फिरवला. "मग मला जाऊ दे."

"अहो, फ्लेक्स तुमचा आहे!"

"म्हनूनच."

मी चिडले, अबोला धरला, आईला मध्ये घातलं. न्हाई म्हणजे न्हाई. शेवटी तसाच छापला. मला इतकं वाईट वाटलं की छपाईवाल्याशी विनाकारण भांडले.

निरोपाच्या दिवशी फ्लेक्स आमच्या दारात लागला. मंडळी आली, जो तो आधी स्वतःला शोधू लागला. मिशीवाल्याने तर मिशीसोबत सेल्फी काढला. अण्णांचा डबेवाला मित्र मात्र पुन्हा पुन्हा अक्षरं तपासत होता. मग माझ्याकडे वळला.

"काय गं पोरी, समदे घेतलीस अन् बापालाच वगळलीस?"

अण्णा खाली बघून हसत होते. मित्राने परत वर पाहिलं. अक्षरात तो स्वतः उभा होता, एक हात लांब केलेला, आणि तो हात मनगटाशी कापला जाऊन पांढऱ्या फटीत संपत होता. मग त्या कोऱ्या जागेवर त्याने थापटल्यासारखं केलं.

"इथं हाय की," म्हणाला. "हात उगं ठिवला व्हता का मी?"

अण्णांनी रुमाल काढला आणि कपाळ पुसलं. घामासोबत केसांचा काळा रंग रुमालाला लागला.