एकेचाळीस कागद आणि एक पातं

कंधारच्या खाजा नगीनेवाल्याला लोक सरळ माणूस म्हणत, आणि एक डबा सोडला तर तो होताही सरळ. मन्याडच्या पात्रातले अकीकाचे गोटे वेचायचे, साणेवर घासून त्यांचे अंगठीत बसवायचे खडे करायचे, हा त्याचा धंदा. बापही हेच करत आला होता.

शिल्पा त्याच्या दुकानात आली ती त्र्याण्णवच्या उन्हाळ्यात. औशाकडच्या शेतकऱ्याची ही पोर नांदेडात राहून नदीकाठच्या जुन्या माणसांवर प्रबंध लिहीत होती. जुनी म्हणजे किती, तर ज्यांना शेती ठाऊक नव्हती, शिकारीवर आणि कंदमुळांवर जी जगत ती. अकीक कुठं निघतो हे खाजाइतकं कुणाला ठाऊक असणार? त्यानेच तिला एका वळणावरची दरड दाखवली. तिथं मातीखाली चुलीची राख निघाली आणि राखेभोवती अकीकाची नखाएवढी धारदार पाती. आपण आजवर ज्यांना नदीनं फोडलेले तुकडे समजत होतो ते माणसाच्या हातचे आहेत, हे ऐकून खाजा चाट पडला.

शिल्पा एकेक पातं वेगळ्या कागदात बांधायची. कागदावर जागा लिहायची, राखेच्या कुठल्या अंगाला आणि किती अंतरावर. एवढं कशाला, असं त्याने विचारलं तेव्हा ती म्हणाली, "चाचा, खड्याला किंमत न्हाई. त्याच्या जागेला हाय."

एकेचाळीस पुड्या झाल्या. पावसाळा लागला, काम थांबलं. नांदेडात ती दुसऱ्यांच्या खोलीत राहायची, म्हणून पुड्यांचा डबा खाजाकडे ठेवून गेली. त्याने तो दोन्ही हातांनी घेतला आणि अमानत, म्हणजे विश्वासाने सोपवलेली ठेव, म्हणून कपाटात ठेवला.

गणपती बुडाले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे भूकंप झाला. कंधारात भांडी वाजली, तेवढंच. औसा-निलंग्याकडची गावं मात्र झोपेतच गाडली गेली. मग कुठून तरी बोलवा उठली, की बोटात अकीक असला की बला टळते. बुडत्याला काडीचा आधार! हिंदू म्हणू नका, मुसलमान म्हणू नका, दुकानापुढं माणसं मावेनात. खाजाचे गोटे संपले, आणि नदीला पाणी असल्यामुळे नवे मिळेनात. कडेवर पोर घेतलेली एक बाई हटून बसली तेव्हा त्याने डब्यातली एक पुडी सोडली. खड्याला किंमत नाही, असं शिल्पाताईच म्हणाली होती ना? कागद त्याने परत डब्यात ठेवला, कारण लिहिलेला कागद टाकायचा नाही ही घरची शिस्त. एकदा हात सैल सुटला तो सुटलाच. आठवड्यात चाळीस पाती गेली. शेवटचं साणेवर धरलं तेव्हा त्याची दुसरी कड बोटात शिरली. हजारो वर्षांपूर्वी कुणी काढलेली धार अजून शाबूत होती. रक्त बघून खाजाने साण थांबवली. मग ते त्याला घासवेना; तसंच सुटं ते त्याने डब्यातल्या कागदांत टाकून दिलं.

शिल्पा संक्रांतीनंतर आली. आईबाप, घर, काहीच उरलं नव्हतं, प्रबंध तेवढा होता. तिने डबा मागितला. जिभेवर आलं ते खाजा बोलून गेला, "भूकंपात पडला, ताई. समदं नालीत वाहून गेलं."

कंधारात साधं कौल निसटलं नव्हतं. पण भूकंपाने तिचं इतकं नेलं होतं, की डबाही नेला यात तिला नवल वाटलं नाही. उलट तिनेच विचारलं, "तुमच्या घरचे समदे नीट हायत ना, चाचा?"

त्या एका प्रश्नाने खाजा जेवढा शरमला तेवढा चारचौघांत जोडे खाऊनही शरमला नसता. खाई त्याला खवखवे. जुम्म्याला मशिदीत, नमाजाआधीच्या प्रवचनात अमानत हा शब्द निघाला, की हा चपला शोधायला लागायचा.

तेवीस वर्षांनी त्याची नात लायबा डॉक्टर व्हायचं म्हणून लातूरला क्लासला गेली. होस्टेलच्या रेक्टरबाई फार जीव लावतात, असं ती फोनवर सांगायची. खाजा भेटायला गेला तर खुर्चीत शिल्पा! केस पिकले होते, पण तिने त्याला लगेच ओळखलं. दगडच नाहीत म्हटल्यावर प्रबंध सुटला, असं तिने सहज सांगितलं. वर लायबाला म्हणाली, की तुझ्या आजोबांनी दाखवली तशी जागा मला दुसऱ्या कुणी दाखवली नसती. धरणीनं पोटात घ्यावं असं खाजाला वाटलं, आणि त्या मुलखात असं मनात आणल्याचीही लाज वाटली.

आठ दिवसांनी तो डबा घेऊन परत गेला.

"ताई, भूकंपात काही पडलं नव्हतं. मीच घासून विकले."

शिल्पाने डबा उघडला. तसा खाजा घाईघाईने सांगू लागला, की कागद सगळे आहेत, एकही हरवू दिला नाही, किंमत जागेला असते असं तुम्हीच म्हणाला होता.

तिने कागद काढले आणि एकेक वाचत फरशीवर मांडायला घेतले. मधे चुलीपुरती जागा सोडली. हळूहळू त्या जागेभोवती कागदांचं कडं तयार झालं. कुणी कुठं बसून पाती काढली असतील, ते खाजालाही दिसू लागलं. मग शिल्पाने ते एकटं उरलेलं पातं उचललं आणि त्याच्या हातात दिलं.

"ह्याची जागा कोणती, चाचा?"

खाजा गुडघे टेकून कितीतरी वेळ कागद बघत राहिला. एकेचाळीस जागा समोर होत्या, आणि त्याला एकीवरही बोट ठेवता येईना.